कुटुंबप्रमुख

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी सुरतेत पर्वत पाटियाजवळ एका लहान कंपनीत प्रोग्रॅम लिहायचे. गोडादऱ्यातल्या आमच्या खानदेशी मंडळासाठी आम्ही कुटुंबांच्या नोंदी संगणकावर घेतल्या होत्या. प्रोग्रॅमचा गाभा आमच्या गुजराती साहेबांनी लिहिलेला. डेटाबेसमधल्या ओळी वाचून तो प्रत्येक घराचं एक ऑब्जेक्ट उभं करायचा: वर प्रमुख, त्याच्या आत बाकीची माणसं. बदल करून सेव्ह केलं की सगळं आपोआप डेटाबेसमध्ये परत जायचं. मला त्याचं फार अप्रूप होतं.

त्याच सुमारास वडील गेले. लूमच्या खात्यात, म्हणजे मागाच्या कारखान्यात, छातीत कळ आली, दवाखान्यापर्यंतही पोचले नाहीत. दिवस झाल्यावर आई त्यांचं नाव कमी करायला मंडळात गेली. परत आली ती दारातच बसली.

"आपलं घरच पुसाई गयं," म्हणाली.

कारकुनाने वडिलांची नोंद काढून सेव्ह केलं होतं. प्रमुख गेला तसे आम्ही सगळेच गेलो होतो. आई, मी, धाकटी बहीण. प्रोग्रॅम लिहिल्याप्रमाणेच वागला होता.

"बॅकअप छे ने, बेन," दुसऱ्या दिवशी कंपनीत साहेब म्हणाले. "परत चढवू. प्रमुख म्हणून काकांचं नाव टाक."

"काका धुळ्याला असतात. घर आई चालवते."

"प्रमुख पुरुषच हवा, असं मंडळाने सांगितलंय. त्यांना विचार."

संध्याकाळी मी आईला घेऊन मंडळात अध्यक्षांकडे गेले.

"वहिनी, रीतच आहे तशी," ते म्हणाले.

"भाऊ, साड्यांना टिकल्या लावून मी दोन पोरी सांभाळते," आई म्हणाली. "उद्या त्यांच्या सोयरिकीचं बोलायला तुम्ही कोणाच्या दारात येणार?"

ते कारकुनाकडे वळले. म्हणाले, "लिही वहिनींचं नाव."

मी प्रोग्रॅम बदलला. गेलेल्या माणसाची नोंद आता निघणार नव्हती, तिच्यापुढे फक्त ‘मयत’ लागणार होतं, आणि प्रमुख कोणीही झालं तरी बाकीचे जागेवर राहणार होते. साहेबांनी तो ओळ न ओळ वाचला आणि सगळ्याच घरांसाठी चालू करायला सांगितला.

आई बघायला आली. स्वतःचं नाव तिने अक्षर जुळवत वाचलं, मग खालचं वडिलांचं.

"हे आता जाणार नाहीत ना?"

"नाही."

तिचा विश्वास बसेना. तिने मला ती नोंद बंद करून पुन्हा उघडायला लावली. मी उघडली. दोघंही होती.