स्टँडवहिनी

“मग काय, बायको फुकटात पडते म्हणून जन्मभर तिलाच उभी करणार आहेस का तू?”

थोरल्या बहिणीने हे मटार सोलता सोलता विचारलं, मान वर न करता. तिचे टोमणे असेच असत. हात कामात आणि नेम बरोबर.

“ताई, तुला त्यातलं कळत नाही,” तो म्हणाला. “तीन किलोची लेन्स आहे ती. खाली लावायला कुठलाही दांडका चालत नाही.”

“बरोबर. दांडका चालत नाही, बाई चालते.”

तो समोरच्या कागदाकडे बघू लागला. तीन आठवडे तो कागद जेवणाच्या टेबलावर मुक्कामाला होता. त्यावर सात मोनोपॉड, म्हणजे कॅमेऱ्याचे एकपायी स्टँड, लिहिलेले. प्रत्येकापुढे तो किती वजन पेलतो, किती तुकड्यांचा आहे आणि किंमत काय. सगळ्यात वरचा सगळ्यात स्वस्त. पाच तुकड्यांचा, मिटवला की पिशवीत मावेल असा, आणि ‘पाच किलो पेलतो’ असं बनवणारेच छातीठोकपणे सांगत होते. सगळ्यात खालचा तीन तुकड्यांचा, जाडजूड, दहा किलोचा आणि अडीचपट महाग. खालच्यावर त्याने काट मारली होती, मग बाजूला बरोबरची खूण करून तो परत घेतला होता, मग पुन्हा काट.

“रविवार तीन दिवसांवर आला,” बहीण म्हणाली. “स्पर्धा संपेल, तुझा अभ्यास संपायचा नाही.”

“घाईत काहीतरी घ्यायचं आणि मग पस्तावायचं, त्यापेक्षा बरं.”

“घाई? अठरा वर्षं झाली की रे!”

अठरा वर्षांपूर्वी तो एका स्टुडिओत ओळखपत्रांचे फोटो काढायचा. ‘हनुवटी वर, डोळे उघडे’ यापलीकडे दिवसभर काही बोलायची वेळ येत नसे. वर्तमानपत्रातले एक वयस्कर फोटोग्राफर निवृत्त झाले, त्यांची जुनी लेन्स त्याने घेतली आणि मैदानाची वाट धरली. शर्यतींचे फोटो वर्तमानपत्रं घेत, क्लब घेत, पळणाऱ्या मुलांचे आईबाप तर हौसेने घेत. पण पहिल्याच दिवशी त्या वजनाने त्याचे हात कापायला लागले. तीन पायांचा स्टँड ट्रॅकच्या कडेला पंच लावू देत नाहीत, पळणारा अडखळतो म्हणून. एकपायी मोनोपॉड चालतो, पण तो त्याच्याकडे नव्हता. बायको त्या दिवशी डबा घेऊन आली होती. “जरा अशी पुढे उभी राहा,” म्हणून त्याने लेन्स तिच्या उजव्या खांद्यावर टेकवली. फोटो लख्ख आले.

मग तीच रीत पडली. दर सुट्टीच्या दिवशी तो “चल” म्हणायचा आणि ती निघायची. खांद्यावर टॉवेलची घडी, घडीवर लेन्स, मागे तो. त्याने “हं” म्हटलं की तिने श्वास धरायचा, शटरचा खडखडाट थांबला की सोडायचा. शिंक आली तर गिळायची. टाळ्या नाहीत, मान वळवणं नाही. पंच गमतीने तिला स्टँडवहिनी म्हणत. “स्टँडवहिनींना सावलीत घ्या जरा,” असं कुणी ओरडलं की ती हसायची. ती हसते म्हणजे तिला चालतंय, असं तो धरून चालला होता. डाव्या खांद्यावर लेन्स त्याने एकदाही टेकवली नाही. त्याला उजव्याची सवय होती.

गेल्या महिन्यात तो खांदा धरला. हात कानाच्या वर जाईना. “काही ओझं उचलता का?” असं डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा ती “छे हो” म्हणाली होती. आणि शेजारी बसून ऐकताना त्यालाही त्यात काही चुकीचं वाटलं नव्हतं.

आतल्या खोलीच्या दारात मुलगी येऊन उभी राहिली. ती औषधांच्या दुकानात नोकरीला होती. महिनाभर कामावर जाण्याआधी आईची वेणी तीच घालत होती. हातात कंगवा तसाच होता.

“बाबा, मोठा घे आणि विषय संपव.”

“अगं, दोघांत तसा फार फरक—”

“माझी चारशे मीटरची शर्यत आठवते तुला?”

बहिणीच्या हातातली शेंग सोलायची राहिली.

“चौदा वर्षांची होते मी,” मुलगी म्हणाली. “फितीच्या जरा अलीकडे पडले. गुडघा फुटला. आई दहा पावलांवर. मी तिच्याकडे बघतेय आणि ही बाई खांबासारखी समोर बघतेय. कितीतरी वर्षं मला वाटायचं, मी हरले म्हणून चिडली माझ्यावर.”

“चार सेकंदांचा प्रश्न होता गं,” तो म्हणाला. “पहिली मुलगी फीत तोडत होती. मी फक्त ‘हलू नकोस’ म्हटलं.”

बोलून गेल्यावर त्याचं त्यालाच कसंतरी झालं. जे बोलला नाही ते आणखी वाईट होतं. त्या चार सेकंदांत लेन्सखालचा खांदा थरथरला होता. त्याला ते कळलं होतं, आणि चित्र हलू नये म्हणून त्याने लेन्स जरा दाबून धरली होती. फोटो मोठा छापून आला. लोकांनी पाठ थोपटली. घरी आल्यावर त्याने मुलीच्या गुडघ्याला पट्टी बांधली, चॉकलेट आणलं, सगळं केलं. बायकोला मात्र काही विचारलं नाही. विचारण्यासारखं काही आहे, हेच त्याच्या डोक्यात आलं नाही.

“झालं ते झालं,” आतून बायकोचा आवाज आला. “इकडे माझी वेणी अर्धी लोंबतेय.”

संध्याकाळी तो दुकानात गेला तो तिला घेऊनच. “उंची बघायला तू हवीस,” म्हणाला.

दुकानदाराने चष्मा कपाळावर चढवला. “किती उंचीचा दाखवू?”

त्याचा हात सवयीने बायकोच्या खांद्यावर गेला. “एवढा.”

“म्हणजे वहिनींच्या जागी!” दुकानदार हसला. तीही हसली. ती हसताना पहिल्यांदाच त्याने तिच्याकडे नीट बघितलं. हसताना तिने खांदा हळूच त्याच्या हाताखालून काढून घेतला होता.

त्याने आधी स्वस्तातलाच मागितला. पिशवीतून कॅमेरा काढून तो लावायला लागला, तसा दुकानदार म्हणाला, “कॅमेऱ्याला नका आवळू, लेन्सच्या पायाला आवळा, ह्या खालच्या पट्टीला. नाहीतर सगळा भार कॅमेरा-लेन्सच्या जोडावर येतो.”

“ठाऊक आहे.”

तो डोळा लावून उभा राहिला. पहिले काही क्षण झकास. मग गुडघे जरा वाकवावे लागले. मग आणखी जरा.

“हा खाली बसतोय,” तो म्हणाला.

“बसणारच. शेवटचा तुकडा बघा, करंगळीएवढा. पाच किलो पेलतो म्हणजे मोडत नाही, इतकंच.” दुकानदाराने मोनोपॉड हातात घेऊन मिटवला. “सामानाच्या दुप्पट तरी पेलेल असा घ्यायचा. तुकडे कमी, म्हणजे जाडी राहते. तुकडे आवळायला पिळायच्या कड्यांपेक्षा खटके बरे, घट्ट बसलेत की नाही ते दिसतं तरी. पैसे वाचवायचेत ना? मग कार्बनचा घेऊ नका, अॅल्युमिनिअमचा घ्या. वरचं फिरतं डोकं नको, खालची ती टेकायची तीन बोटं नकोत. तिथे वाचवा. जाडीत वाचवू नका. आणि ह्या बारक्याचं वाईट काय आहे सांगू? आवाज करत नाही. गुपचूप बसतो. आपल्याला वाटतं, ठीक चाललंय.”

त्याने मान हलवली. बायकोकडे बघायचं टाळलं.

ती “बाहेर बसते जरा” म्हणून निघून गेली.

दुकानदाराने कागदावरचा सगळ्यात खालचा, तीन तुकड्यांचा, पुढे केला. त्याने लेन्स चढवली, खटके लावले आणि दाराशी उभा राहून रस्त्यावर रोखली. मोनोपॉड जागचा हलला नाही. समोर शिंप्याचं दुकान, त्याच्या पायऱ्या, आणि पायरीवर बसलेली त्याची बायको.

त्या लेन्समध्ये तिला त्याने कधी पाहिलंच नव्हतं. दिसणार कशी? अठरा वर्षं ती लेन्सच्या खाली होती. हजारो तोंडं त्याने या काचेतून जवळ आणली; धापा टाकणारी, रडणारी, फीत तोडून वेडी झालेली. ही तोंडओळख आज होत होती. कानाजवळचे केस पांढरे झाले होते. ओठ घट्ट मिटलेले. उजवा हात मांडीवर नुसता ठेवलेला, दुसऱ्या कुणाचा असावा तसा, आणि डाव्या अंगठ्याने ती खांद्याची एकच जागा दाबत होती. दाबायची, डोळे मिटायची, पुन्हा दाबायची. घरात तिने हे कधी कुणाला दिसू दिलं नव्हतं.

त्याचं बोट शटरवर गेलं आणि तोंडातून “हं” निघालं.

दुकानदाराने वर बघितलं. “काही म्हणालात?”

“नाही. हाच द्या.”

फोटो त्याने काढला नाही.

घरी आल्यावर त्याने मोनोपॉड बैठकीच्या खोलीत मधोमध उभा केला. बहिणीने त्याच्याभोवती एक चक्कर मारली.

“बरा आहे. खायला मागत नाही, उलट बोलत नाही.”

“उलट तर आईही बोलली नाही कधी,” मुलगी म्हणाली.

बायको आतल्या खोलीत पलंगावर बसून डाव्या हाताने कपड्यांच्या घड्या करत होती. तो तिच्यासमोर जाऊन उभा राहिला. येताना रस्ताभर त्याने वाक्य घोळवलं होतं, आणि आता ते थोडं घाईघाईनेच बाहेर पडलं.

“रविवारी तू नुसतं बसायचं. खुर्ची घेऊ तुझ्यासाठी, सावलीत. आरामात बघ. टाळ्या वाजव, ओरड, काय वाटेल ते कर. इतकी वर्षं तुझं बघायचंच राहिलं.”

तिने शर्टाची बाही आत दुमडली. “मला नाही आवडत.”

“काय? खुर्ची?”

“शर्यती. कोण कुणाच्या पुढे गेलं, याचं मला कधी काही वाटलंच नाही. आपली पोरगी पळायची तेवढंच.”

त्याने विचारलं, “मग इतकी वर्षं आलीस कशी?”

“तुम्ही चल म्हणायचात. येतेस का, असं कुठे विचारलंत?”

त्यात राग नव्हता. राग असता तर त्याला काहीतरी बोलता आलं असतं. तिने शर्ट ढिगावर ठेवला, वर बघितलं, आणि दारात आलेल्या नणंदेला आणि मुलीलाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “रविवारी मी मैदानावर येणार नाही. त्याच्या पुढच्या रविवारी नाही, आणि नंतरही कधी नाही. सगळ्यांना एकदाच सांगून ठेवते.”