अर्धा स्पंज

सकाळचे आठ वाजून दहा मिनिटं झाली होती. दुकानाचं शटर अर्धंच वर गेलं होतं आणि दाजी बाही कोपरापर्यंत दुमडून काचेच्या टाकीत हात घालून उभे होते. टाकीतले गप्पी मासे झाडून सगळे वर येऊन, पाण्याच्या कडेला तोंड लावून धापा टाकत होते. एक मादी तळाशी आडवी पडली होती. तिला त्यांनी ओंजळीत घेऊन बाहेर काढलं, जुन्या वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळलं आणि मग छोट्या काचनळीत टाकीतलं पाणी घेऊन त्यात चाचणीचे थेंब टाकले. एरवी हे पाणी पिवळं राहायचं, म्हणजे सगळं ठीक. आज ते हिरवं झालं. हिरवं म्हणजे अमोनिया, माशांच्याच घाणीचं विष.

दाजी न्हावी. तसे ते एकाच माणसाचे दाजी, बायकोच्या धाकट्या भावाचे. पण हा मेहुणा दुकानात दुसऱ्या खुर्चीवर उभा राहू लागला, दिवसभर "दाजी, दाजी" करू लागला, आणि बघता बघता सगळी गल्ली त्यांना दाजी म्हणू लागली. त्यांच्या वडिलांच्या वयाची गिऱ्हाइकंसुद्धा.

मेहुणा आला तेव्हा त्याला धड कंगवा धरता येत नव्हता. दाजींनी त्याला आधी फुग्यावर शिकवलं. फुगवलेल्या फुग्याला साबणाचा फेस फासायचा आणि फुगा न फोडता तो वस्तऱ्याने उतरवायचा. सुरुवातीला इतके फुगे फुटले की शेजारचा चष्मेवाला दोनदा दचकून बाहेर आला. फुगे टिकायला लागल्यावर दाजींनी स्वतःचा गाल पुढे केला. त्यांच्या डाव्या कानाखाली एक बारीक पांढरी रेघ आहे, ती त्या दिवसांची. कात्रीचा धडा मात्र एकच होता. सुरू झालेली कात्री मध्ये उचलायची नाही. उचलली की पायरी पडते, आणि ती पायरी गिऱ्हाईक महिनाभर डोक्यावर घेऊन आपली जाहिरात करत फिरतं.

टाकीची कल्पना मेहुण्याचीच.

"दाजी, हल्ली लोकांना दम नाही. बाकावर टेकतात आणि उठून जातात. त्यांना बघायला काहीतरी पाहिजे."

"एवढा मोठा आरसा आहे की."

"आरशात काय बघणार? रोजचंच थोबाड."

हे दाजींना पटलं. त्यांचा गुडघा वर्षभर कुरकुरत होता, डॉक्टरांनी उभं राहणं निम्म्यावर आणायला सांगितलं होतं, आणि पुढे दुकान मेहुण्यालाच बघायचं होतं. त्याच्या डोक्यात दुकानाबद्दल काही येतंय, हेच त्यांना पुष्कळ वाटलं.

माशांच्या दुकानदाराने टाकी बांधून देताना बजावलं होतं, "टाकी विकत मिळते, पाणी मिळत नाही. पाणी मुरावं लागतं. झाडं लावा, फिल्टर चालू ठेवा आणि मासे आणायची घाई करू नका. फिल्टरमधल्या स्पंजात जिवाणू धरले की ते घाण खातात. ते धरेपर्यंत मासा टाकलात तर तो विषात टाकलात असं समजा."

दाजी आयुष्यभर लोकांची घाई बघत आले होते. घाई न करण्याचं काम त्यांना आवडलं. तळाला सुपीक मातीचा थर दिला, त्यावर धुतलेली वाळू. माती उसळू नये म्हणून वाळूवर ताटली ठेवून तिच्यावर पाण्याची बारीक धार सोडली. रिबिनीसारख्या लांब पात्यांची झाडं मागे, बुटकी पुढे. लावायला दुकानातलाच लांब चिमटा घेतला. ज्या हातांनी नाकातले केस न दुखवता काढले होते, त्यांना वाळूत मूळ रोवणं काही जड गेलं नाही. मेहुणा शेजारी उभा राहून सारखा विचारत होता. ताटली कशाला? दिवा किती वेळ ठेवायचा? पाणी आदल्या संध्याकाळीच का भरायचं? नळाच्या पाण्यातलं औषध उडून जावं म्हणून, दाजींनी सांगितलं. स्पंज नळाखाली का धुवायचा नाही? त्याच औषधाने जिवाणू मरतात म्हणून. दाजी प्रत्येक प्रश्नाला उत्तर देत होते आणि मनात म्हणत होते, पोरगा जबाबदार झाला.

नुसत्या झाडांची ती टाकी गल्लीत थट्टेचा विषय झाली. चष्मेवाला रोज येऊन काचेला नाक लावायचा.

"दाजी, मासे दिसत नाहीत हो. माझाच नंबर वाढला काय?"

"मासे यायचेत अजून."

"मग भाड्याने दिलीय का टाकी? भाडेकरू कधी येतोय?"

एके दिवशी गप्पी आले, केशरी शेपट्यांचे नर आणि राखी, फुगीर पोटाच्या माद्या. बाकावरची माणसं उठून जायची थांबली. कटिंग झालेलं गिऱ्हाईकसुद्धा परत बाकावर बसायचं. त्याच आठवड्यात दाजींनी विषय काढला. खिडकीजवळची पहिली खुर्ची ही त्यांची खुर्ची. उजेड तिथे चांगला, जुनी गिऱ्हाइकं तिथे बसतात. ती मेहुण्याने घ्यावी, आपण दुसऱ्या खुर्चीवर स्टूल घेऊन बसून जमेल तेवढं करू, असं त्यांनी सांगितलं.

मेहुणा कात्री पुसत होता. "घाई कसली, दाजी? टाकी तर आधी स्थिर होऊ द्या."

दाजींना ते उत्तर फार शहाणपणाचं वाटलं होतं.

आज मेहुणा येणार नव्हता. दाढ काढायची आहे, काल संध्याकाळी गालाला हात लावून सांगून गेला होता. बायको सकाळीच मैत्रिणीकडे जाते म्हणून बाहेर पडली होती.

दाजींनी आदल्या दिवशीची पाण्याची बादली ओढली, टाकीतलं पाणी नळीने काढून निम्मं बदललं. मासे थोडे खाली उतरले. मग त्यांनी टाकीच्या कडेला टांगलेल्या फिल्टरचं झाकण उघडलं. वरून स्पंज नेहमीसारखा तपकिरी, बुळबुळीत. मुरलेला स्पंज असाच दिसतो. तो बाहेर काढला तेव्हा त्याच्यामागून दुसरा तुकडा निघाला. स्वच्छ, कोरा, काळा. दुकानातून आणून आत बसवलेला.

जुना स्पंज अर्धाच होता.

दाजींनी तो उजेडात धरला. वरपासून खालपर्यंत एकच काप. मऊ, ओला स्पंज कात्रीखाली सरकतो, कुणाचाही हात दोन-तीनदा अडखळेल. इथे कुठेही पायरी नव्हती. असा काप घालणारी त्यांना दोनच माणसं ठाऊक होती, आणि त्यातलं एक ते स्वतः.

मग त्यांना मागच्या आठवड्याची छाटणी आठवली. मेहुण्याने कौतुकाने झाडं कापली होती, फार वाढलीत म्हणाला होता. दुकान झाडायचं काम दाजींचं. केरात केस होते, दाढीचा फेस पुसलेले कागद होते. झाडांचं एक पान नव्हतं.

चष्मेवाला आत डोकावला, चांगला धुतलेला शर्ट घालून. "अहो, तुम्ही इथेच? मला वाटलं पुढे गेलात."

"कुठे पुढे?"

चष्मेवाल्याने चष्मा काढला आणि पुसायला लागला. तो स्वच्छच होता. "चौकात. बँकेच्या खाली. तुमच्या मेहुण्याचं... मला काल बोलावलं त्याने. म्हणाला, दाजी येणारच आहेत."

शटर तसंच अर्धवट ठेवून दाजी ओल्या बाहीनिशी चौकाकडे निघाले.

नव्या दुकानात तीन खुर्च्या होत्या. भिंतीत बसवलेली टाकी होती, दाजींच्या टाकीच्या दुप्पट. पाणी काचेसारखं नितळ. मागे रिबिनीसारख्या पात्यांची झाडं, पुढे बुटकी, आणि पहिल्याच दिवशी मधे गप्पी खुशाल फिरत होते. दाजींची बायको चहाचे कप मांडत होती. नवऱ्याला दारात बघून ती कप हातात घेऊन तशीच उभी राहिली.

"दाढ कशी आहे?" दाजींनी मेहुण्याला विचारलं.

"दाजी, बसा ना. मी दुपारी येणारच होतो तुम्हाला घ्यायला."

दाजी बसले नाहीत. टाकीपाशी गेले, फिल्टरचं झाकण उचललं, आतला तपकिरी अर्धा स्पंज बघितला आणि झाकण परत लावलं.

"माझ्याकडे दोन मेल्या," ते म्हणाले. एक वर्तमानपत्रात होती. दुसरी ते निघताना कलंडली होती.

"स्पंजचाच तुकडा होता, दाजी. मला वाटलं नाही इतकं होईल म्हणून."

"वाटलं नाही कसं? तूच विचारलं होतंस, मी सांगितलं होतं."

मेहुण्याचा चेहरा लाल झाला. "किती वर्षं दुसऱ्या खुर्चीवर काढायची मी? पहिली देतो म्हणालात, पण पाटी तुमची, गिऱ्हाईक तुमचं. लोक मला नावाने ओळखत नाहीत. दाजींचा मेहुणा म्हणतात."

यात खोटं काही नव्हतं, म्हणून दाजींनी वाद घातला नाही. ते बायकोकडे वळले.

"तुला कधी कळलं?"

"तो सांगणार होता तुम्हाला. मी रोज म्हणत होते त्याला."

"कधी कळलं?"

तिने कप खाली ठेवला. "टाकी आणली तेव्हा."

म्हणजे माती टाकायच्या आधी. ताटलीवर धार सोडली, चिमट्याने मुळं रोवली, रिकाम्या टाकीवरून गल्लीभर बोलणी खाल्ली, त्या सगळ्याच्या आधी. घरी जेवताना ते पाण्याच्या रंगाविषयी सांगायचे आणि ती ऐकून घ्यायची. "आज पण पिवळं?" असं आपणहून विचारायचीसुद्धा. त्यांना वाटायचं, हिलाही नाद लागला.

"अहो, सख्खा भाऊ आहे माझा. मी काय करायचं होतं?"

दाजी एवढंच म्हणाले, "चहा निवतोय," आणि परत निघाले.

चौकापासून दुकानापर्यंतचा रस्ता चालताना त्यांना गाल आठवला. न्हाव्याच्या धंद्यात शिकाऊ हात आधी घरच्यांच्याच डोक्यावर चालतो, त्याचं कुणी वाईट वाटून घेत नाही. शिकवणाऱ्याला माहीत असतं, आपला गाल कापला जाणार आहे. या वेळी ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मेहुण्याने दुसऱ्यांदा त्यांच्यावर हात बसवला होता आणि ते गाल पुढे करून, हसत उभे होते.

बाकावर तीन गिऱ्हाइकं वाट बघत होती. दुकानात कुणी नाही हे बघूनही गेली नव्हती. काचेतून मासे दिसत होते म्हणे.

"दाजी, आज एकटेच? धाकटे साहेब कुठे?"

"दुकान टाकलंय त्याने. चौकात."

"अरे वा! मग तुम्ही पेढी वाढवली म्हणा की!"

"बसा. मान खाली."

दिवसभर दाजींनी पहिल्या खुर्चीवर उभ्याने काम केलं. दुपारनंतर गुडघा सुजला तेव्हा स्टूल ओढून घेतलं आणि बसून मानेमागचं काम केलं. बसल्यावर उंची चुकते, कात्री तिरकी लागते. एका गिऱ्हाइकाच्या डोक्यात बारीक पायरी पडली. त्याला ती दिसली नाही. दाजींनी दाखवली, बरोबर करून दिली.

संध्याकाळी बायको आली. बाकाच्या टोकाला बसली.

"तो म्हणतोय, स्पंज परत आणून देतो."

"नको. तिकडचे मासे मरतील."

"मग इकडचे?"

"पाणी बदलत राहिलं की जगतील. दाणे कमी टाकायचे. उरलेल्या अर्ध्या स्पंजावर जिवाणू परत धरतील."

"आणि आपलं?"

दाजी बादली नळाखाली लावत होते. बादली काठोकाठ भरू दिली. मग ती उचलून टाकीशेजारी ठेवली, वर फळी झाकली, आणि बायकोला शटरची दुसरी बाजू धरायला सांगितली. दोघांनी मिळून ते खाली ओढलं.

बादलीतलं पाणी रात्रभर तिथेच राहील. उद्या दुकान आठऐवजी साडेसातला उघडेल, कारण निम्मं पाणी बदलायला अर्धा तास लागतो आणि पहिलं गिऱ्हाईक आठला येतं.