निरोपाची आरामखुर्ची

कटिंग मास्तरांचा निरोप समारंभ दणक्यात झाला. चोपन्नाव्या वर्षी आपणहून नोकरी सोडणारा माणूस त्या कपड्यांच्या कारखान्यात कुणी पाहिला नव्हता, त्यामुळे भाषणांत कौतुक कमी आणि जळफळाट जास्त. सगळ्यांनी मिळून आरामखुर्ची दिली. घरी बायकोने कपाट सरकवून खिडकीशी जागा करूनच ठेवली होती. दहा वर्षं ती या दिवसाची वाट बघत होती.

घर स्वतःचं, लेक कमावती, साठवलेल्यात दोघांचं भागेल. कात्री लावण्याआधी तीनदा मोजायची सवय असल्यामुळे मास्तरांनी हेही तीनदा मोजलं होतं. राहिलं एकच. बायकोच्या बोटांचे सांधे धरतात म्हणून दर महिन्याला लागणारं इंजेक्शन कारखान्याच्या विम्यातून यायचं, आणि फुकट येणाऱ्या गोष्टीची किंमत हा शहाणा माणूस कधी विचारायलाच गेला नाही!

उरलेली रजा चालू होती, तेव्हा ते औषधांच्या दुकानात गेले. दुकानदाराने आकडा दाखवला. महिन्याच्या घरखर्चापेक्षा मोठा.

"आणि नवा विमा काढला तर?"

"आधीपासूनचं दुखणं पहिली तीन वर्षं विम्यात धरत नाहीत, मास्तर."

"बरं," मास्तर म्हणाले. वाईट वाटायला हवं होतं, पण काहीच वाटलं नाही. रस्ता ओलांडायचा सोडून ते बराच वेळ कडेला उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी मॅनेजर हसत सुटला. "राजीनामा मागे? अहो, भाषणं करून आठवडा नाही झाला! पुढच्या वेळी समारंभ मिळणार नाही हं."

"नको."

बायकोला त्यांनी सांगितलं, "घरी करमत नाही." खरं कळलं असतं तर तिने इंजेक्शनच बंद केलं असतं. तडकलेला चष्मा दीड वर्ष वापरणारी बाई ती.

"चार दिवसांत कंटाळलात? मी काय खायला उठते तुम्हाला?" एवढं बोलून तिने अबोला धरला.

सोमवारी सकाळी ती आरामखुर्चीत बसून लेकीशी फोनवर बोलत होती. नुकतंच इंजेक्शन झालेलं, त्यामुळे फोन तिने स्वतःच धरला होता.

"तुझ्या बाबांना माझ्याजवळ बसवत नाही गं," ती म्हणाली.

मास्तर दारात बूट घालत होते. त्यांनी ऐकलं, नाडी बांधली आणि कामावर गेले.