पंचकल्याणीचा दर

आमच्या घरात जनावराचा दर कधी तोंडानं बोलला गेला नाही. अण्णा, म्हणजे माझे वडील, बैल-म्हशींच्या बाजारात दलाली करायचे. घेणारा आणि विकणारा यांच्यामध्ये उभं राहायचं, खांद्यावरचा टॉवेल हातावर टाकायचा आणि त्याच्याखाली बोटं धरून दर ठरवायचा. जेवढी बोटं धरली तेवढे हजार, आख्खा पंजा धरला की पाच. भोवती पन्नास माणसं असली तरी दर त्या दोन हातांनाच ठाऊक. नव्वदच्या दशकात, शाळेत असताना, मी त्यांच्याबरोबर दोन-चारदा बाजारात गेले होते. ते टॉवेलाखाली कुणाची तरी समजूत घालताहेत असंच मला तेव्हा वाटायचं.

पुढं काही वर्षांनी त्यांना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, काठी घेऊन चालू लागले, बोलणंही परतलं. उजवा हात मात्र मांडीवर पडून राहिला. डॉक्टरांनी दाबायला दिलेला रबरी चेंडू त्यांनी तिसऱ्या दिवशी परड्यात भिरकावला. बाजारातली माणसं भेटायला आली की ते उजवा हात टॉवेलानं झाकून बसत आणि चहा संपायच्या आत पाहुण्यांना वाटेला लावत. हळूहळू माणसं यायची थांबली. अण्णा दिवसभर खिडकीशी बसून राहत. आई एकदा स्वयंपाकघरात मला म्हणाली, "हात नसला तरी चालंल गं. पण ह्यो माणूस आता रागवंना सुदिक झालाय." आयुष्यभर ज्या रागाला आम्ही टरकून होतो तो गेला म्हणून आम्ही दोघी धास्तावलो होतो.

त्याच सुमारास मी लग्नपत्रिका नि हँडबिलं टाइप करून देण्यासाठी एक जुना कॉम्प्युटर घेतला होता. दुपारी काम नसलं की फोनची वायर लावून इंटरनेटवर जायचे. तेवढा वेळ घरचा फोन बंद. शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीतून भाऊ फोन लावून लावून दमायचा आणि संध्याकाळी घरी येऊन माझ्या नावानं शंख करायचा. इंटरनेटवर मला घोड्यांचा एक खेळ सापडला होता. सगळे घोडे खोटे. घोडी निवडायची, तिला घोडा निवडायचा, काही दिवसांनी शिंगरू व्हायचं. त्याला रोज चारापाणी करायचं, पळायला शिकवायचं आणि खेळातल्याच बाजारात विकायचं. मिळणारी नाणीही खोटी. माझा जीव मात्र त्यात खरोखर अडकला होता. लग्नाच्या वयाच्या मुलीनं हे कबूल करणं तेव्हा अवघड होतं, आजही फार सोपं जात नाही.

एका दुपारी मागून काठीचा आवाज आला. अण्णा खुर्चीमागे येऊन उभे होते. बराच वेळ पडद्याकडे बघून म्हणाले, "ह्या घोडीचं मागलं पाय लई जवळ हाईत."

"अण्णा, चित्र हाय ते. सगळ्यांचं पाय तसलंच असत्यात."

"मग दर कशावर ठरवत्यात?"

मी आकडे दाखवले. वेग इतका, दम इतका, उडी इतकी. त्यांनी ते नीट बघून घेतले. "आकड्यावर घोडं पळतंय व्हय?" म्हणाले, आणि डाव्या हातानं स्टूल ओढून बसले.

दुसऱ्या दिवसापासून दुपारचा चहा ते तिथंच घेऊ लागले. मी मोठ्या नावाचे घोडे शोधत बसायचे. ते म्हणायचे, "आईकडनं बघ. बापाचं नुसतं नाव असतंय, दम आईचा येतोय." खेळाच्या नियमांत असं काही नव्हतं, तरी मी ऐकायचे, कारण ते बोलत होते. त्यांच्या सल्ल्यानं झालेली शिंगरं वेगात यथातथाच निघाली. मग एक दिवस एक तांबूस शिंगी, म्हणजे मादी शिंगरू, जन्माला आली. चारही पाय पांढरे, कपाळावर पांढरा पट्टा.

"पंचकल्याणी हाय," अण्णा म्हणाले आणि त्यांनी आईला हाक मारली. असलं जनावर ज्याच्या दारात त्याचं चांगलं होतं, अशी त्यांची पक्की समजूत. आईला खेळ कळला नाही, पण पंचकल्याणी कळली. तिनं देवघरातला जोतिबाचा गुलाल आणून मॉनिटरच्या काचेला बोट लावलं. पुढं तीन दिवस मी त्या गुलाबी डागातूनच टायपिंग केलं.

शिंगी मोठी झाली तेव्हा माझा तबेला भरला होता. पाचच जागा होत्या आणि दुसरं शिंगरू यायचं होतं. एक तरी विकणं भाग होतं. अण्णांनीच पंचकल्याणी विकायला काढली, कारण तिला गिऱ्हाईक चांगलं येईल याची त्यांना खात्री होती. बाजाराच्या पानावर दराची चौकट आली तशी मी त्यांच्याकडे बघितलं.

"दर मांडू नगंस," ते म्हणाले. "गिऱ्हाईक येऊ दे. मग बघू."

मला यात काहीच वावगं वाटलं नाही. आमच्यात असंच असतं. मी चौकट रिकामी सोडली आणि घेणारा काय ते लिहून विचारेल म्हणून चहा ठेवायला गेले. परत आले तर पंचकल्याणीची जागा मोकळी होती. रिकाम्या चौकटीचा अर्थ त्या खेळानं शून्य असा घेतला होता. कुठल्या तरी बाईनं ती फुकटात उचलली होती.

मी अण्णांना सांगितलं. त्यांनी आधी ऐकून घेतलं, मग काठी फरशीवर आपटली. "फुकट? पंचकल्याणी फुकट?" मला, कॉम्प्युटरला, तो बनवणाऱ्यांना आणि त्यांच्या खानदानाला दहा मिनिटं त्यांनी धारेवर धरलं. आई कणकेच्या हातानं दारात येऊन उभी राहिली. एवढी खूश मी तिला कित्येक महिन्यांत बघितली नव्हती.

शेवटी दम लागून ते बसले. "लिही त्या बाईला. घोडी परत नगं आमाला. पर दर ठरल्याबिगर जनावर दाव्यावरनं सुटत न्हाई."

मी माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिलं. दुसऱ्या दुपारी उत्तर आलं. बाई कुठल्याशा थंड देशातली होती. कुणी आपण होऊन दिली असं समजून तिनं घोडी घेतली होती. तुम्हाला योग्य वाटेल तो दर सांगा, मी देते, असं तिनं लिहिलं होतं.

"किती सांगू?" मी विचारलं.

आई उंबऱ्यात डाळ निवडत बसली होती. अण्णांनी तिच्याकडे एकदा बघितलं, खांद्यावरचा टॉवेल डाव्या हातानं ओढला आणि तीस वर्षांच्या सवयीनं उजव्या हातावर टाकला. "घाल हात."

मी हात घातला. त्यांची बोटं गार होती. बाजारात जशी धरतात तशी ती माझी बोटं धरतील म्हणून मी थांबले. काही झालं नाही. त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं तेव्हा कळलं की ते विसरले होते. क्षणभर का होईना, हा हात आता चालत नाही हे ते साफ विसरले होते. ते टॉवेल ओढून घेऊ लागले. तो निघायच्या आत मीच त्यांची तीन बोटं धरली.

"एवढं?"

ते खिडकीकडे बघत राहिले.

"अण्णा, गिऱ्हाईक खोळंबलंय."

"कळंना मला," ते हळूच म्हणाले. "जोरात धर."

मी जोरात धरली. त्यांनी मान हलवली, कमी आहे. चार धरली. कमी. आख्खा पंजा दाबून धरला. "ह्याच्या वर," ते म्हणाले. पंजा सोडून मी पुन्हा एक बोट धरलं, म्हणजे सहा, आणि तेवढ्यात त्याच्या शेजारचं बोट माझ्या तळव्याला लागून वाकलं. अगदी थोडं. ते मी वाकवलं नव्हतं.

"अण्णा, हे तुमी..."

"गप." त्यांनी उंबऱ्याकडे डोळ्यानं खूण केली. आईचे हात सुपात थांबले होते. "सौदा हुईपर्यंत दर उघडा करायचा न्हाई."

"किती ठरलं गं?" आईनं विचारलं.

"अजून ठरतंय," मी म्हणाले, आणि डाव्या हातानं त्या बाईला सात हजार टाइप केले, कारण उजवा हात अजून टॉवेलाखाली होता.