सत्यभामाबाईची लाल गाडी

नांदूरघाटच्या सत्यभामाबाईच्या वाट्याला जाऊ नये, हे गावातल्या कुत्र्यामांजरालाही ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते एकट्या तानाजीरावांना. मोठ्या माणसांचं असंच असतं. त्यांना जे ऐकायला आवडतं तेवढंच गाव त्यांना सांगतं. बाकीचं कोण सांगणार आणि कशाला?

बाई रुखवत करायची. सुपारीचे भटजी, लोकरीची तोरणं, रंगवलेल्या खोबऱ्याच्या वाट्या, थर्माकोलचं देऊळ. लग्नात ते सगळं मांडायचं, 'नवरीनं सोताच्या हातानं केलं' म्हणून सांगायचं, आणि पाहुण्यांनी खोटं ठाऊक असूनही माना डोलवायच्या, ही रीत. केज तालुक्यातल्या निम्म्याअर्ध्या नवरीमुलींचे हात म्हणजे सत्यभामाबाईचेच हात होते. त्याचं तिला कधी वाईट वाटलं नाही. रुखवत नवरीचं असतं, करणारणीनं त्यात आपलं नाव घुसडायचं नसतं, असं ती म्हणायची.

पण गाड्यांची गोष्ट निराळी. गाड्या तिच्या स्वतःच्या होत्या.

झालं काय, तिचा नवरा पंडित याच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी दोघं पुण्याला गेलती. तिथं मंडईपाशी कुणीतरी त्यांना जिन्यानं खाली घातलं. खाली, आणखी खाली, विहिरीत उतरावं तसं. तिथं लख्ख उजेड, आणि काळ्या भोकातून गाडी आली. पंडितच्या एका डोळ्यावर पट्टी, त्याला निम्मीच दिसली. सत्यभामाबाईला मात्र पुरी दिसली आणि ती येडीच झाली. अहो, बीड जिल्ह्यातल्या माणसानं रेल्वे म्हणजे काय कमी ऐकली? तिचा सासरा 'येणार येणार' म्हणत वर गेला. आता कुठं बीडला गाडी लागली म्हणतात, पण केजकडच्या माणसाला ती अजून ऐकीवच. जमिनीवरच्या रेल्वेला जमीन लागते, जमिनीला मालक असतो, आणि मालक म्हटला की भांडण आलंच. ही गाडी मालकाच्या पायाखालून जाते, त्याला न विचारता. बाईला तिचं हेच सगळ्यात जास्त आवडलं.

मग मोबाइलवर देशोदेशीच्या भुयारी गाड्या बघायचा नाद लागला. बघून गप्प बसेल तर ती बाई कसली. तेलाच्या डब्याचा पत्रा कापून, जुन्या एक्सरेच्या काचा लावून ती गाड्या करायला लागली. केजच्या सलीम मिस्त्रीनं मोडक्या खेळण्यांतल्या मोटारी काढून दिल्या. फळीवर एकेक गाडी उभी राहिली. कलकत्त्याची, कारण ती आपल्या देशातली पहिली. पॅरिसची, कारण तिला ट्रॅक्टरसारखी रबरी चाकं. ग्लासगोची नारिंगी, पिटुकली, नुसती गोल गोल फिरणारी. तिला फाटा नाही, चुकायची सोय नाही, कुठंही झोप लागली तरी घरचं ठेसन परत येणारच. बुडापेस्टची पिवळी इतकी ठेंगणी की पाहुण्यानं वाकूनच आत यावं.

आणि सगळ्यांत लाडकी लंडनची जुनी लाल. तिथला बोगदा नळीसारखा गोल, म्हणून गाडीनंही अंग गोल करून घेतलेलं. दारंसुद्धा टपाबरोबर वळलेली. डोक्यावर तार नाही, आकडा नाही, वीज खालच्या रुळातूनच. ते वळलेलं दार पत्र्यात उतरवताना बाईची बोटं किती वेळा कापली, त्याचा हिशेब तिनंही ठेवला नाही. तिच्या बोटांवरचे वण गाडीचे आणि गाडी तिची. पंडित म्हणायचा, एवढी माया माझ्यावर केली असती तर मी बी लाल झालो असतो.

तानाजीराव तिच्या घरी आले ते त्यांच्या लेकीच्या, राजनंदिनीच्या रुखवताचं सांगायला. पहिली पत्रिका लिंबागणेशच्या गणपतीला ठेवून येताना वाटेत उतरले. त्यांच्याच शाळेत पंडित शिपाई, तेव्हा पंडितनं घरातली एकुलती खुर्ची पुसून पुढं केली. जावई पुण्याच्या मेट्रोत नोकरीला, हे रावांनी दोनदा सांगितलं. मग त्यांची नजर फळीवर गेली. ही लाल गाडी रुखवतात टाका म्हणाले, जावई खूश होईल. सत्यभामाबाई म्हणाली, बाकी मागाल ते करीन, ती विकायची नाही आणि द्यायचीही नाही.

राव हसले. "बाई, तुझ्या घरात ती बघतंय कोण? उंदीर?" म्हणाले, आणि निघून गेले.

पुढच्या बाजाराला ती केजला लोकर आणायला गेली. परत आली तर फळीवर लाल गाडीची जागा मोकळी. पंडित चुलीपाशी गुडघ्यात मान घालून बसलेला. मालकांनी माणूस पाठवला होता, मी कसं न्हाई म्हणू, असं काहीतरी तो पुटपुटला. तिनं त्याला शिव्या दिल्या नाहीत. नुसती भाकरी पुढं टाकली, कोरड्यास दिलं नाही. लग्न उरकेपर्यंत बिचारा भाकरी पाण्यात बुडवून खात होता, आणि मी म्हणते त्याला तेच पाहिजे होतं.

जळत होती ती आतून. रात्री कूस बदलायची आणि 'उंदीर' म्हणायची. गाडी गेली हे दुःख होतंच, पण ती गाडी दुसऱ्याच्या नावानं चारचौघांत मिरवणार, हे तिला गिळवत नव्हतं. सुपारीचे भटजी न्या, देऊळ न्या, सगळं न्या. ही न्हाई. ही परत आणायचीच, आणि तीही रावांच्या तोंडावर आणायची, असं तिनं मनाशी धरलं.

संधी रावांनीच दिली. त्यांच्या घरी गाडी चालेना. कुणी उलटी फिरवली, एक चाक निखळलं. बोलावणं आलं तेव्हा बाईनं पंडितला घेऊन जाऊन पाहिलं, तर तिच्या लाल गाडीच्या अंगावर सोनेरी चिकटपट्टीची अक्षरं: पुणे मेट्रो, आणि खाली राजनंदिनी. लंडनच्या गाडीवर पुणे! तिच्या कानशिलाच्या शिरा ताठ झाल्या. राव म्हणाले, दुरुस्त कर, लग्नात तूच येऊन चालव, आणि तोंड उघडायचं न्हाई.

"बरं, मालक," सत्यभामाबाई म्हणाली. "पर भुयारी गाडी हाय. बोगदा लागंल."

ती इतक्या गोड आवाजात बोलली की पंडितला घाम फुटला. बायको शिव्या घालते तेव्हा तो भीत नसे. ती 'बरं' म्हणाली की भ्यायचा.

बोगदा तिनं मन लावून केला. लांब टेबलावर थर्माकोलचा डोंगर, पुढच्या अंगाला दोन तोंडं. एकातून गाडी आत शिरायची, दुसऱ्यातून बाहेर यायची. पण डोंगराच्या पोटात रुळाला तिनं एक चोरफाटा काढला होता. काळा दोरा ओढला की पत्र्याची पट्टी सरकणार, आणि गाडी पुढं न येता पाठीमागच्या झाकणातून बाहेर निघणार. झाकणाखाली बाईची टोपली. सगळं जमलं, पण एका गोष्टीचा घोर होता: मांडवात टेबलाची मागची बाजू उघडी. तिकडून आचारी, वाढपी, पोरंटोरं सगळी बघणार.

आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, म्हणतात ते खोटं नाही. लग्नाच्या सकाळी रावांची माणसं फ्लेक्स घेऊन आली. टेबलाइतका लांब, पुरुषभर उंच. वर पुढाऱ्यांचे बारके बारके फोटो आणि मधोमध तानाजीराव, हात जोडून, पाहुण्यांचं सहर्ष स्वागत करताना. कुठं लावू म्हणून पोरं विचारायला लागली. लेकीचं लग्न असो की कुणाचं बारसं, रावांचा फोटो लागणारच, आणि तो सगळ्यात जास्त लोक जिथं थांबणार तिथंच लागणार. राव म्हणाले, रुखवताच्या मागं लावा. सत्यभामाबाईनं स्वतः सुतळी ओढून धरली. लई शोभून दिसतंय म्हणाली.

दुपारी मांडव भरला. पुण्याकडची पाहुणेमंडळी रुखवत बघायला जमली. त्यांच्यात नवरदेवाची एक आत्या होती, आवाज खणखणीत, जिभेला धार. बाई फ्लेक्सच्या मागं बसली. बॅटरी सांभाळते असं सांगितलं होतं, कुणाला संशय यायचं कारण नव्हतं. मागून रावांचा चेहरा तिला उन्हात उलटा दिसत होता.

गाडी सुरू झाली. बोगद्यात शिरली, बाहेर आली. टाळ्या पडल्या. पुन्हा शिरली, पुन्हा आली. दोरा बाईच्या बोटाला गुंडाळलेला होता, पण ती ओढत नव्हती. एक शब्द कानावर पडल्याशिवाय ओढायचा नाही, असं तिनं ठरवलं होतं. राव जर सरळ म्हणाले, गाडी आमच्या सत्यभामाबाईनं केली, तर दोरा सोडून द्यायचा आणि मुकाट घरी जायचं. काय झालं तरी ती चोर नव्हती.

रावांनी माईक घेतला. व्यासपीठावरच्यांची नावं घेतली. रेल्वेवर बोलले, जणू बीडची गाडी यांनीच डोक्यावरून वाहून आणली. विकासावर बोलले. जावयाचं कौतुक झालं, व्याह्यांचं झालं. गाडीवर काही येईनात. इकडे बॅटरी उतरायला लागली, चाकांचा आवाज मंदावला. बाईचा जीव खालीवर व्हायला लागला. बोल की मेल्या, बोल एकदाचा, असं ती त्या उलट्या तोंडाला मनात म्हणत होती.

आणि राव बोलले. "ही गाडी माझ्या राजनंदिनीनं सोताच्या हातानं केली. कुणाची कवडीची मदत घेतली न्हाई."

बाईनं दोरा ओढला.

लाल गाडी पुढच्या तोंडातून आत गेली आणि मागच्या झाकणातून अलगद तिच्या टोपलीत उतरली. वर लोकरीचे गुंडे पडले. पुढं दोनशे डोळे दुसऱ्या तोंडाकडं लागलेले. येईल, आता येईल. कुठली येतीय! नवरदेव वाकून बघायला लागला, आत अंधार. मग आत्याबाईनं सूर लावला:

"रुखवत आलं, रुखवत आलं, वर घातला शेला,
गाडी शिरली बोगद्यात, तिचा डायवर कुठं गेला?"

मांडव हसून आडवा झाला. आत्याबाई नवरीकडं वळली. तूच केलीस ना बाई, मग काढ की बाहेर. राजनंदिनी खाली मान घालून उभी राहिली. तिला चाक कुठलं आणि टप कुठला हेही ठाऊक नव्हतं. फ्लेक्समागून तिचा तो गप्पपणा सत्यभामाबाईला ऐकू आला. लेकराचा काय गुन्हा? वाईट वाटलं तिला, खरंच वाटलं. पण वाईट वाटणं वेगळं आणि गाडी परत देणं वेगळं. राव फणफणत फ्लेक्सच्या मागं आले तेव्हा तिथं रिकामा पाट होता.

घरी त्या रात्री पंडितला कोरड्यास मिळालं.

चार दिवसांनी नवरी माहेरी परतली, आणि तानाजीराव तिला जीपमध्ये घालून सत्यभामाबाईच्या दारात आले. फळीवर लाल गाडी होती. चिकटपट्टीची अक्षरं खरवडून काढलेली. गल्लीतले लोक आपोआप गोळा झाले. राव आवाज दाबून म्हणाले, गाडी मुकाट्यानं दे. पोरीच्या सासरी उठताबसता विचारतात, गाडी आली का बोगद्यातून? लेकराकडं बघून तरी दे.

बाईनं हातातली कात्री खाली ठेवली. "ही तर माझी गाडी हाय, मालक. तुमच्या लेकीची गेली ना बोगद्यात?"

ही चोर म्हणून ओरडावं, तर सगळ्या मांडवासमोर आपणच काय बोललो ते रावांना आठवलं. पंडितला कामावरून काढावं, तर का काढलं हे गावाला सांगावं लागलं असतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

"पोरीसाठी देते," सत्यभामाबाई म्हणाली. "आत्ता देते. फक्त एवढंच म्हणा, ही सत्यभामाची गाडी मी चोरून नेलती. माईकवर बोलला तेवढ्याच मोठ्यानं म्हणा. मग न्या."

बाईचा शब्द खोटा नव्हता. तिनं गाडी फळीवरून काढून हातात घेतलीसुद्धा होती. राजनंदिनीनं बापाकडं बघितलं. त्याच्या एका वाक्यानं तिचं सासरचं तोंड उजळ होणार होतं, आणि ती वाट बघत होती.

तानाजीराव वळले आणि जीपमध्ये जाऊन बसले. हॉर्न वाजवला.

पोर जागची हलली नाही. बापाच्या पाठीकडं बघत राहिली. मग तिनं डोळे पुसले, सत्यभामाबाईला वाकून नमस्कार केला आणि जीपच्या मागच्या बाकावर जाऊन बसली. पुढची, बापाशेजारची जागा रिकामीच राहिली.

सूड म्हणून बाईनं जेवढा मागितला होता, त्याहून जास्तच पदरात पडला. तिला आनंद झाला, आणि पोरीचे पुसलेले डोळे आठवून वाईट वाटलं, हेही खरं. जीप गेल्यावर तिनं घरी नवा केलेला, बिनचोरफाट्याचा बोगदा मांडला, बॅटरी लावली आणि पंडितला म्हणाली, बघा आता दोन्ही डोळ्यांनी. लाल गाडी आत गेली आणि समोरून बाहेर आली.