खाडीच्या तोंडाशी

धक्क्याच्या टोकाला एक कोळीण जुन्या लाल लुगड्याचा तुकडा हवेत हलवत उभी होती. समोरून एक होडी परतत होती.

"मावशी, लेकाला बोलावताय?" मी विचारलं.

"बोलावत नाय, थांबवतेय."

ओहोटीचं पाणी बाहेर धावत होतं आणि पश्चिमेचा वारा त्याला आत रेटत होता. अशा वेळी खाडीच्या तोंडाशी लाटा उभ्या राहतात. आत शिरणाऱ्या होडीला मागची लाट आडवी करते, आणि आडव्या होडीला पुढची एकच लाट पुरते. भर समुद्रात वादळं सोसलेली माणसं घराची कौलं दिसत असताना बुडतात, ती अशी. मला वाऱ्याचा राग येईना, लाटेचाही येईना. दोघं आपापल्या वाटेनं निघालेले. घाई तेवढी माणसाला, आणि तीही कसली, तर घरी जेवायला पोचायची.

होडीनं बाहेरच नांगर टाकला. मावशींनी तो तुकडा खांद्यावर घेतला.

"भरती लागली की येईल," त्या म्हणाल्या. मग पाण्यावरची नजर न काढता हळूच म्हणाल्या, "त्याच्या बापाला मी हात करून बोलावलं होतं."