अत्तीच्या चादरीचा वास

आमच्या घरातल्या वॉशिंग मशीनला कपाळ आहे. त्यावर रोज सकाळी भस्माच्या तीन रेघा ओढल्या जातात, आणि त्या पुसल्या गेल्या की घरात दिवसभर धुसफूस चालते. रेघा ओढणारे माझे सासरे ईरप्पा, म्हणजे मामा, आणि पुसणारी मी.

मामा मूळचे गडहिंग्लजच्या बाजूचे, पण उमेदीची सगळी वर्षं गेली साखर कारखान्यात. वारणानगरच्या कॉलनीत संसार, आणि काम फिटरचं. उसाचा रस आटवायची ती उंचच उंच भांडी असतात ना, त्यांच्या नळ्या साफ ठेवायचं काम यांच्याकडं. हिवाळाभर कारखाना चालतो, उन्हाळ्यात बंद पडतो, आणि बंद काळात सगळी यंत्रं उघडून, धुऊन, ग्रीस लावून पुन्हा जोडायची असा तिथला रिवाज. माणूस निवृत्त होऊन आमच्याकडं कोल्हापूरला राहायला आला, पण बंद हंगाम काही त्याच्या अंगातून गेला नाही. चैत्र लागला की आमच्याकडं पंखे खाली उतरतात. मिक्सरची आतडी वर्तमानपत्रावर मांडली जातात. जोडून झाल्यावर एखादा स्क्रू उरतो, आणि मी विचारलं की म्हणतात, कंपनीनं जास्तीचा दिला असंल.

मी शाहूपुरीत एका ऑफिसात कामाला आहे. नवरा, वीरेश, शेतीचे पंप विकत गावोगाव फिरतो आणि रविवारी घरात दिसतो. त्यामुळं हे सगळं सहन करायला घरात मी एकटीच.

माझ्या सासूबाई मल्लव्वा. कन्नडात सासूला अत्ती म्हणतात, तेच नाव घरात सगळ्यांच्या तोंडी बसलंय. दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूनं त्यांची उजवी बाजू गेली. जिभेवर मराठी अडखळते, कन्नड थोडी बरी येते. अंथरुणातून उठणं बंद झालं. पण एक गोष्ट अत्तीनं सोडली नाही. सकाळी अंग पुसून, धुतलेलं कोरडं लुगडं नेसून, स्वच्छ चादरीवर बसल्याशिवाय ती गळ्यातलं इष्टलिंग हातात घेत नाही. आणि लिंगपूजा झाल्याशिवाय तोंडात घास घेत नाही. नशिबानं डावा हात शाबूत राहिला. मामा तिच्या डाव्या तळव्यावर लिंग ठेवतात, पाणी घालतात, भस्म लावतात, बेलाचं पान ठेवतात, आणि ती टक लावून बघत बसते. हे सगळं मामाच करतात. चादरी बदलणं, धुणं, तेसुद्धा तेच. मी हात लावलेला चालत नाही. मध्यंतरी एक बाई ठेवली होती, तिला त्यांनी आठवडाभरात घालवली. तिची धुण्याची पद्धत त्यांना पटली नाही म्हणे.

श्रावणात त्या चादरींना वास यायला लागला. कुबट, ओलं पोतं कोपऱ्यात पडून राहावं तसा. वर काळे बारीक कण चिकटलेले. एके दिवशी अत्तीनं तोंड फिरवलं. "वास," म्हणाली. "ब्याड." ब्याड म्हणजे नको. चादर नको म्हणजे पूजा नाही, आणि पूजा नाही म्हणजे जेवण नाही. आधीच तिच्या अंगावर मांस राहिलं नव्हतं. डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, खाणं आणखी तुटलं तर दवाखान्यात ठेवून नाकातून नळी घालावी लागेल. नळी घातलेली अत्ती पुन्हा घरी येईल का, हे कुणी बोलून दाखवलं नाही, पण सगळ्यांच्या मनात तेच होतं.

म्हणून मी मशीनच्या मागं लागले. दाराचं रबर ओढून त्याची घडी उलटी केली तर आत काळा गिळगिळीत थर, माझी हरवलेली केसांची पिन आणि बेलाचं कुजलेलं पान. खालची जाळी काढली तर गटार बरं. सगळं जुन्या ब्रशनं घासलं, गरम पाण्यावर मशीन रिकामं फिरवलं, बाजारात मिळणारी साफसफाईची पावडर घातली. वास कमी झाला, गेला नाही. कारण उघड होतं. मामा वाटीनं पावडर ओततात. फेस दिसला नाही तर ते धुणंच नाही, असं त्यांचं मत. तो फेस आत साठून कुजतो. आणि धुणं झालं की मशीनचं दार घट्ट लावतात, वर प्लॅस्टिकचं कव्हर घालतात. मी उघडं ठेवायचे, ते लावायचे. मी पुन्हा उघडायचे. वारा लागू द्या, आतलं वाळू द्या, असं मी किती वेळा सांगितलं असेल देव जाणे. पालथ्या घड्यावर पाणी. त्यांचं म्हणणं, कारखान्यात कुठलंच यंत्र उघडं ठेवत नाहीत, उसाचं पाचट आत जातं. आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या बाथरूममध्ये कुठलं पाचट येणार होतं? वीरेशला फोन केला तर तो म्हणाला, दोघांचंही बरोबर आहे. अशा नवऱ्याचं करायचं काय?

कंपनीच्या माणसाला बोलवू या, असंही मी म्हटलं. मामा म्हणाले, बाहेरचा माणूस त्या चादरी बघणार का. मग तो विषय मिटला.

एका संध्याकाळी मी ऑफिसातून आले तर जिन्यातच डोळे झोंबले. बाथरूममध्ये वाफ दाटलेली, मशीन सगळ्यात गरम पाण्यावर घरघरतंय, आणि मामा नाकाला पंचा बांधून समोर स्टुलावर बसलेले. बाजूला हार्डवेअरच्या दुकानातला कॉस्टिक सोड्याचा डबा. कारखान्यात नळ्यांवरचा थर कॉस्टिक उकळून काढतात, तसं त्यांनी घरचं मशीन उकळायला घेतलं होतं. मी डोक्यावर हात मारून घेतला. हातावर उडलं असतं तर? अत्तीच्या चादरीत राहिलं असतं तर? मी नको नको ते बोलले. त्यांनी शांतपणानं सांगितलं, "दगडासारखा थर निघतोय ह्यानं. ह्या मशीनची काय कथा. चार पाण्यानं धुवून काढतो की."

आणि खरं सांगायचं तर काम झालं. मी डोकं ड्रममध्ये घालून वास घेतला. काही म्हणजे काही नाही. चादर पांढरी, त्यावर एक कण नाही. मला हरल्यासारखं वाटलं, पण मी ते गिळलं. वाटलं, सुटलो एकदाचे.

दुसऱ्या सकाळी अत्तीनं तोंड फिरवलं. "वास. ब्याड."

मामांनी चादर उचलून नाकाला लावली. मग उलटी करून पुन्हा लावली. मग माझ्याकडं दिली. मलाही काही येत नव्हतं. त्यांचा चेहरा असा पडला की माझा राग जिभेवरच राहिला. त्या दिवशी अत्तीनं कसंबसं अर्धी वाटी पेज घेतली, तीही पूजा न करता, डोळे मिटून. औषध गिळावं तशी.

मामांनी पुन्हा कॉस्टिक आणलं. मी डबा लपवला तर दुसरा आणला. त्या महिन्यात किती वेळा उकळलं असेल कोण जाणे, मी ऑफिसात असले की हे चालू. अखेर एकदा पिळताना आतून धडाधड आवाज आला, मशीन नाचत नाचत दारापर्यंत गेलं आणि गप्प झालं.

आता बाहेरचा माणूस बोलवावाच लागला. मशीन दुरुस्त करणारा शाहूपुरीतला ख्वाजा आला. त्यानं मागचं झाकण काढलं, ड्रम ओढून काढला, आणि ड्रमच्या पाठीमागचा तीन पायांचा आधार दाखवला. एक पाय मोडलेला, उरलेले वाळवी लागल्यासारखे खाल्लेले. ॲल्युमिनियमचा असतो, म्हणाला, आणि दुरुस्तीपेक्षा नवीन घेतलेलं परवडेल.

मामांनी मोडलेला तुकडा हातात घेतला. अंगठ्यानं चोळला, पांढरी भुकटी निघाली. "कॉस्टिक ॲल्युमिनियम खातंय," ते म्हणाले, ख्वाजाला नाही, मला नाही, त्या तुकड्यालाच. "मला ठाव हाय की हे. आत ॲल्युमिनियम असंल असं वाटलंच न्हाय." त्यांच्या कारखान्यात नळ्या पितळेच्या, भांडी लोखंडाची. तिथं कॉस्टिकनं कधी दगा दिला नव्हता. दुसऱ्या दिवशी त्यांनी मशीनला भस्म लावलं नाही. मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. नुसती चिडचिड झाली.

नवीन मशीन घ्यायला वीरेश रविवारी येणार होता. तोवर चादरी हातानं धुवायच्या. मी धुते म्हटलं, लाँड्रीत देऊ म्हटलं. नाही. मामा पाटावर बसले, गुडघा वाकत नाही म्हणून एक पाय पुढं पसरून, आणि धोपाटणं घेऊन चादरी बडवायला लागले. मग ओझं खांद्यावर टाकून जिना चढून गच्चीवर. अत्तीची खोली बाथरूमला लागूनच. तिला सगळं ऐकू जात होतं. धोपाटण्याचा आवाज, मध्येच थांबून घेतलेला दम, उठताना भिंतीला धरताना काढलेला हुंकार.

त्या दिवशी अत्तीनं पाणीसुद्धा घेतलं नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. मामा चमचा घेऊन बसले, उठले, पुन्हा धुवायला गेले.

मी ऑफिसला सुट्टी टाकली होती. गच्चीवरून चादर आणली. उन्हानं कडक झालेली, तिला फक्त उन्हाचाच वास होता. ती अत्तीच्या अंथरुणावर घातली आणि तिनं तोंड फिरवलं. तेव्हा माझा तोल गेला. मी म्हटलं, मशीन मोडलं, आता हातानं धुतात, उन्हात वाळवतात, कुठं आहे वास, दाखवा मला. दोन महिने मी त्या रबरात नाक खुपसून बसलेय. कुठं आहे? माझा आवाज चढला होता. आजारी माणसावर ओरडू नये हे मला कळत होतं आणि मी ओरडत होते.

अत्तीनं छताकडची नजर माझ्याकडं वळवली. मग डाव्या हातानं माझा पदर धरला.

"वास न्हाय," ती म्हणाली. एकेक शब्द ओढून काढत. "आदी व्हता. आता न्हाय." पुन्हा थांबली. "खाल्लं की... घाण व्हतंय. हेनी धुत्यात. न्हाय खाल्लं की... धुवायला नको."

दुखणं हल्याला आणि औषध पखालीला म्हणतात ते हेच. आम्ही दोघं दोन महिने मशीनला घासत होतो, उकळत होतो, त्याच्यावरनं भांडत होतो, आणि ही बाई नवऱ्याचं धुणं कमी व्हावं म्हणून घास कमी करत होती. चादर स्वच्छ व्हावी म्हणून मामा जितके झिजत होते, तितकी ती उपाशी राहत होती. मला तिचा भयंकर राग आला. त्यांचाही आला. एकमेकांशी बोलायला यांना कुणी बंदी केली होती का? आणि रडूही आवरेना.

मामा दारात उभे होते. धोपाटणं हातातच होतं, कोपरापर्यंत साबणाचा फेस. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते आत आले आणि पलंगाच्या कडेला बसले, ओल्या धोतरानं, स्वच्छ चादरीवर.

"चाळीस वर्सं कारखान्याची घाण धुतली मी," ते म्हणाले. "कुणासाठी धुतोय ते ठाव न्हवतं. साखर कोण खातंय, कुठं जातीय, कोण सांगतंय आपल्याला. हितं ठाव हाय. हे बी काडून घेतीस व्हय माझ्याकडनं?"

अत्तीच्या डोळ्यांतून पाणी कानाकडं ओघळलं, ते मामांनी ओल्याच हातानं पुसलं, त्यामुळं साबण लागला आणि डोळा आणखी चुरचुरला. मग मला पाणी आणावं लागलं.

उशिरा का होईना, पूजा झाली. अत्तीनं लिंगाकडं नेहमीसारखंच टक लावून बघितलं. मग मामांनी शाळूची भाकरी दुधात कुस्करून तिला भरवली. तिनं ती सगळी खाल्ली. मी वाटी हातात घेऊन दोनदा बघितली, खरंच संपली होती.

संध्याकाळपर्यंत चादर दोनदा बदलावी लागली. दुसऱ्या वेळी मी हात पुढं केला, तर मामांनी ती माझ्या हातातून ओढून घेतली. बाथरूममध्ये गेले आणि आतून दार लावून घेतलं, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. आवाज यायचा तो आलाच. अत्तीनं तो थोडा वेळ ऐकला, आणि माझ्याकडं वळून दूध मागितलं.